पीपी नंबर ते फायबर: हिंगोलीच्या तारेचा इतिहास

हिंगोलीत घरी इंटरनेट घ्यायचं ठरलं की देणारा आणि घेणारा दोघंही दोनच गोष्टींवर बोलतात: स्पीड किती, आणि सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले तर सूट किती. मी तिसरी गोष्ट विचारते आणि तिथं बोलणं अडतं. बाहेरगावच्या माणसाला इंटरनेटवरून माझ्या घरातल्या कॉम्प्युटरपर्यंत पोचता येईल का? जोडणी द्यायला आलेल्या मुलाला वाटतं, बाईंना सीसीटीव्ही मोबाइलवर बघायचाय. तो म्हणतो, "त्याचं ॲप असतंय ना मॅडम." ॲप असतं हे मला ठाऊक आहे. ॲप म्हणजे माझ्या घरातलं चित्र आधी कुठल्या तरी कंपनीच्या कॉम्प्युटरवर जाणार आणि तिथून माझ्या हातात येणार. मला तो मधला मुक्काम नको. माझा सर्व्हर माझ्या कपाटात आहे, त्यात माझ्या आत्यांच्या ओव्या आहेत, आणि त्याला बाहेरच्यांना सापडेल असा पत्ता हवा आहे.

ही मागणी लोकांना नवी वाटते. पण या गावानं ती सोय एकेकाळी वापरलेली आहे. आमच्याकडे तारेचा वेग वाढत गेला आणि त्याच वर्षांत घराचा पत्ता निघून गेला. हे मी जवळून पाहिलं, कारण त्या सगळ्या काळात आमच्या घराचं पोट तारेवरच चाललं.

बाहेर बोलण्याची या मुलखाची सवय फार जुनी. संत नामदेवांचा जन्म परंपरेनं १२७० सालचा, आणि हिंगोलीजवळची नर्सी हे त्यांचं जन्मगाव मानलं जातं. त्यांचे गुरू विसोबा खेचर औंढा नागनाथचे. नर्सी आणि औंढा दोन्ही आज आमच्याच जिल्ह्यात. नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले आणि त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी वारकऱ्यांना पहिल्यांदा नकाशावर ते अंतर दिसलं.

नामदेवांनंतरच्या काळात मात्र हिंगोलीशी बाहेरचा जो संबंध आला तो बहुतेक हुकमाचा होता. इथं हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. फौज निजामाच्या पैशावर, अधिकारी इंग्रज. त्या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटीच १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाच्या हातून इंग्रजांकडे गेलं. १९०३ मध्ये कंटिन्जंट मोडून हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली आणि छावणीचं गाव पुन्हा बाजारपेठेचं गाव झालं. निजामाच्या राज्यात टपाल वेगळं, तिकिटं वेगळी. मुक्तिसंग्रामानंतर १९५० मध्ये ते टपालखातं भारताच्या खात्यात मिसळलं.

तारेचा कायदा इंग्रजी हद्दीतला, १८८५ चा. त्याच्या कलम ४ नं तार उभारण्याचा आणि चालवण्याचा हक्क एकट्या सरकारला दिला. दुसऱ्या कुणाला ती चालवायची तर सरकारचा परवाना लागणार. राज्य विलीन झाल्यावर तो कायदा आम्हालाही लागू झाला. पुढे टेलिफोन त्याच कायद्याखाली आला, आणि इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांचे परवानेही त्याच कलमातून निघाले. २०२३ चा दूरसंचार कायदा येईपर्यंत हेच चाललं. घरी सर्व्हर ठेवणाऱ्या माणसानं हे कलम ध्यानात ठेवावं असं मला वाटतं. आपल्या देशात तार कुणाच्या अंगणातून जावी आणि तिच्या टोकाला काय करता यावं, हे ठरवणारी जागा नेहमी अंगणाबाहेर राहिली आहे.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लहानपणी पोलिओ झालेला. एसटीडी बूथ देताना अपंगांना प्राधान्य होतं, त्यात त्यांना बूथ मिळाला. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं, आत लाकडी खोपटं, खोपट्याला काच, आणि काउंटरवर लाल आकडे पळवणारं मीटर. ते आकडे थांबले की चिठ्ठी छापून बाहेर यायची. आमच्या शाळेच्या फिया त्या चिठ्ठ्यांतून निघाल्या.

खेड्यापाड्यांत फोन पोचले ते सी-डॉटमुळे. १९८४ मध्ये सॅम पित्रोदा यांच्या पुढाकारानं ही सरकारी संस्था उभी राहिली आणि तिनं १२८ जोडण्यांचं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं. पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसलं. परदेशी एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागे, याला नाही. धूळ, उन्हाळा आणि वेळीअवेळी जाणारी वीज गृहीत धरून ते आखलेलं होतं. मराठवाड्यासारख्या मुलखाला याचा अर्थ काय हे उन्हाळ्यात इथं राहिलेल्याला सांगावं लागत नाही.

बूथची खरी गर्दी रात्री अकरानंतर. तेव्हा एसटीडीचे दर पावपटीवर येत. पुण्याला कारखान्यात लागलेल्या मुलांचे आईबाप, हळदीचे व्यापारी, नांदेडला शिकणाऱ्या पोरींच्या आया, सगळे बाकड्यावर बसलेले असत. पण मला त्याहून जास्त आठवतात ते येणारे फोन. आमच्या गल्लीत फारच थोड्या घरांत फोन होता. बाकीच्यांनी आमचा नंबर दिलेला असायचा. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, दवाखान्याच्या कागदावर आमचा नंबर आणि पुढे कंसात दोन अक्षरं: पीपी. पुण्याहून फोन यायचा, "शिंप्याच्या शेजारच्या काकूंना बोलवा, दहा मिनिटांनी परत लावतो." मी किंवा माझा भाऊ पळत जायचो. काकू पदर सावरत यायच्या, फोन वाजायचा, आणि पुढची पाच मिनिटं खोपट्यात त्यांचं घर असायचं. अण्णा बोलावण्याचा एक रुपया घेत. म्हातारीकोतारीकडून तोही घेत नसत.

एका नंबरावर वीस-पंचवीस घरं. तरी प्रत्येक घर सापडत होतं, कारण मध्ये बोलवायला जाणारं माणूस होतं. हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

१ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. कचेऱ्या आल्या, साहेब आले, गावात घरांची भाडी वाढली. दूरसंचारच्या हिशेबात मात्र हिंगोली परभणीच्याच क्षेत्रात राहिली. आमचा एसटीडी कोड ०२४५६ वेगळा, पण तक्रार वर गेली की परभणीला जाई. ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण नोव्हेंबर १९९८ मध्ये सरकारनं खासगी कंपन्यांना इंटरनेट देण्याची मुभा दिली तेव्हा परवान्याचे तीन वर्ग केले: अ वर्ग सगळ्या देशासाठी, ब एका मोठ्या मंडळासाठी आणि क एका दूरसंचार क्षेत्रापुरता. म्हणजे हिंगोलीतल्या एखाद्या धडपड्या माणसाला आपल्या भागापुरती इंटरनेट कंपनी काढायची झाली असती तर कागदोपत्री त्याचा मुलूख परभणी ठरला असता. तसं आमच्याकडे त्या काळात कुणी केलं नाही. आपल्या गावातही कंपनी निघू शकते हे कुणाला माहीतच नव्हतं.

देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं, विदेश संचार निगमतर्फे, मोठ्या शहरांत. चित्रांसह इंटरनेट दाखवणाऱ्या खात्याला २५० तासांचे १५,००० रुपये पडत, नुसत्या अक्षरांच्या खात्याला ५,०००. आमच्या बूथवर ते पोचलं २००० नंतर, संचारनेट या सरकारी सेवेच्या रूपानं. अण्णांनी एक खोपटं काढून तिथं कॉम्प्युटर ठेवला. मोडेम किंचाळायचा, मग लागायचा, आणि लागला की टेलिफोनची लाइन अडकायची. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी रांग रस्त्यापर्यंत जायची.

त्याच खोपट्यात मला सर्व्हर म्हणजे काय ते कळलं. माझा मावसभाऊ नांदेडला गुरू गोविंदसिंहजी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होता. सुटीत आला तेव्हा त्यानं आमच्या कॉम्प्युटरवर अपाची नावाचा प्रोग्रॅम टाकला आणि एका पानावर बूथचं नाव आणि दर लिहिले. नांदेडला परत गेल्यावर त्यानं फोन करून सांगितलं, "ताई, नेट लाव आणि तुझा नंबर वाचून दाखव." मोडेम लागल्यावर कॉम्प्युटरला चार आकड्यांचा एक पत्ता मिळायचा, तो पाहून ठेवायचा आणि दुसऱ्या लाइनवरून त्याला सांगायचा. तो कॉलेजच्या लॅबमध्ये बसून ते आकडे टाइप करायचा. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, "दिसायलंय! अण्णांच्या बूथचे दर दिसायलेत!" हिंगोलीतल्या एका खोपट्यातून नांदेडच्या पडद्यावर पान गेलं होतं आणि मध्ये कुणाला विचारावं लागलं नव्हतं. जोडणी कासवासारखी होती, दर वेळी पत्ता बदलायचा, तरी तो पत्ता खरा होता. जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरला तो सापडत होता.

मावसभावानंच मला सांगितलं की टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये स्वित्झर्लंडला सर्न संस्थेत जगातला पहिला वेब सर्व्हर चालवला तो त्यांच्या टेबलावरच्याच कॉम्प्युटरवर. हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नये, अशा अर्थाची चिठ्ठी हातानं लिहून त्यांनी त्याला चिकटवली होती. ते यंत्र चिठ्ठीसकट आजही जपून ठेवलेलं आहे. सुरुवातीला प्रत्येक सर्व्हर असा कुणाच्या तरी टेबलावरच होता, आणि आपण पान वाचतो तसं ते आपल्याकडून वाचलंही जावं, ही मूळ कल्पना होती.

२००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि त्याच्या एमएस-सीआयटी या कॉम्प्युटर अभ्यासक्रमाची लाट आली. सरकारी नोकरीला प्रमाणपत्र लागणार म्हटल्यावर गावोगाव क्लास निघाले. बूथचा धंदा मोबाइलनं खाल्ला होता, तेव्हा मीही त्याच जागेत क्लास सुरू केला. जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमनं डेटावन ब्रॉडबँड आणलं. त्याच्या आधी, ऑक्टोबर २००४ मध्ये, सरकारनं ब्रॉडबँड म्हणजे सेकंदाला किमान २५६ किलोबिट असं ठरवलेलं. एवढ्या वेगात पाच मेगाबाइटचं गाणं उतरवायला पावणेतीन मिनिटं लागतात. आम्हाला तेव्हा ते वाऱ्यासारखं वाटलं. लाइन चोवीस तास लागलेली राहायची आणि फोनही चालायचा. पाचशेच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ कितीही उतरवलं तरी मोजणी नव्हती. त्यामुळे अर्ध्या गावातले कॉम्प्युटर पहाटे दोनला जागे होत.

अडचण विजेची होती. २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आलं आणि त्याच वर्षांत भारनियमन कळसाला पोचलं. खेड्यांत बारा-बारा तास वीज नसे. मी ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आणि इन्व्हर्टर लावून मोडेम आणि एक जुना कॉम्प्युटर चालू ठेवला. त्यावर मुलांसाठी मराठीत लिहिलेल्या नोट्स ठेवल्या. पत्ता बदलायचा, पण डायनॅमिक डीएनएस नावाची सोय मिळाली होती. मोडेमला नवा पत्ता मिळाला की एक छोटा प्रोग्रॅम तो जाऊन कळवायचा आणि नाव तेच राहायचं. कळमनुरीची, औंढ्याची मुलं सायबर कॅफेतून माझ्या घरातल्या कॉम्प्युटरवरून नोट्स उतरवून घेत. वर जाणारा वेग उतरणाऱ्या वेगाहून खूप कमी, त्यामुळे दोघं एकदम आले की तिसऱ्यानं थांबायचं. घरच्या जोडणीला कोणतंही जास्तीचं शुल्क न भरता खरा पत्ता मिळत होता, हे तेव्हा मला विशेष वाटलं नाही. ते तसंच असणार असं मी धरून चालले होते.

आता ओव्यांकडे येते. माझ्या दोन आत्या सेनगाव तालुक्यातल्या. गिरणी आली तशी जाती अंगणात गेली, पण ओव्या त्यांच्या ओठावर राहिल्या. मोबाइलमध्ये बरं रेकॉर्डिंग होऊ लागल्यावर मी त्यांच्यासमोर बसले, मग त्यांच्या गल्लीतल्या आणखी बायका आल्या. भावाच्या, माहेरच्या, औंढ्याच्या नागनाथाच्या, पंढरीच्या वाटेच्या ओव्या. काही ओव्या अशा की सासरच्या माणसांची नावं येतात, जुनी दुखणी येतात. थोरल्या आत्यानं अट घातली: "लेकीबाळींनी ऐकावं. बाजारात नको जायला, बाई." ही अट मला पूर्ण मान्य आहे. महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या ओव्यांचं मोठं काम हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी केलं. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह आज 'परी' या संकेतस्थळाच्या माध्यमातून लोकांपर्यंत येतो आहे. त्यामागे अभ्यासक आहेत, संस्था आहे, परवानगीची रीत आहे. आमच्या घरच्या ओव्यांमागे फक्त मी आहे. व्हिडिओच्या फुकट संकेतस्थळावर त्या टाकल्या तर कोण ऐकतंय, शेजारी कसली जाहिरात लागते, उद्या काढून टाकायचं म्हटलं तर खरंच निघतं का, यातलं काहीच माझ्या हातात राहत नाही. म्हणून मी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर घेतला, देवघराशेजारच्या कपाटात ठेवला, आणि पुण्यातल्या, संभाजीनगरातल्या भाच्या-पुतण्यांना पासवर्ड दिले. थोरल्या आत्याची नात पिंपरीत नोकरीला आहे. ती रात्री जेवण झाल्यावर आजीला ऐकते.

२०१८ च्या सुमारास आमच्या गल्लीत फायबर आलं. केबल टीव्हीवाल्यानंच खांबाखांबांवरून काळी तार ओढली. शंभर मेगाबिटचा वेग आधीच्या वेगापुढे अचाट होता. मी लाइन बदलली आणि त्याच दिवशी पिंपरीहून फोन आला, "आत्या, आजीचं पान उघडंना."

राउटरच्या पानावर जाऊन पाहिलं. तिथं लिहिलेला पत्ता १०० ने सुरू होत होता, पुढे ६४ ते १२७ मधला एक आकडा. एकदा कळल्यावर हे पाहायला अर्धं मिनिट लागतं आणि प्रत्येकानं ते पाहावं असं माझं म्हणणं आहे.

झालं होतं ते असं. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटले गेले आणि १५ एप्रिल २०११ पासून आशिया-पॅसिफिक विभागात काटकसरीचा शेवटचा टप्पा सुरू झाला. अमेरिका-युरोपातल्या संस्थांनी आधीच भरपूर घेऊन ठेवले होते. आपल्याकडे घरोघर इंटरनेट पोचायच्या वेळेला कोठार रिकामं. त्यावर तोड म्हणून कंपन्या एका खऱ्या पत्त्यामागे अनेक घरं बसवू लागल्या. एप्रिल २०१२ मध्ये या कामासाठी १००.६४ ते १००.१२७ हा सुमारे ४२ लाख पत्त्यांचा पट्टा खास राखून ठेवण्यात आला. हे पत्ते कंपनीच्या आतच चालतात, बाहेर कुणाला दिसत नाहीत. एका पत्त्याला ६५ हजारांवर पोर्ट क्रमांक, म्हणजे ये-जा करायची दारं, असतात. त्यावर ६४ घरं बसवली तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण हजार येतात आणि व्हिडिओ पाहायला, पैसे पाठवायला ते पुरतात.

म्हणजे अख्ख्या गल्लीला पुन्हा पीपी नंबर मिळाला. आपण बाहेर फोन लावू शकतो. बाहेरून आपल्यासाठी आलेला फोन मात्र कंपनीच्या यंत्रापर्यंत येऊन थांबतो, कारण काकूंना बोलवायला पळत जाणारं तिथं कुणी नाही. अण्णांच्या बूथपेक्षा हे गरीब आहे, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

मग मी गावात जोडणी देणाऱ्या सगळ्यांकडे गेले. एका ठिकाणी सांगितलं, स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, फक्त व्यापारी प्लॅनवर, जीएसटी क्रमांक लागेल. दुसऱ्या ठिकाणी काउंटरवरच्या मुलीला आयपी आणि ओटीपीतला फरक सांगण्यात माझा वेळ गेला. पण ती मन लावून ऐकत होती आणि तिनं वरच्या ऑफिसला फोन लावला. वरून उत्तर आलं, घरच्या गिऱ्हाइकाला सर्व्हर कशाला लागतो? कराराच्या कागदावर बारीक अक्षरांत घरगुती वापर एवढंच होतं. घरच्या आजीच्या ओव्या घरच्या नातीनं ऐकणं हा घरगुती वापर नाही तर दुसरा कुठला?

ज्यांना अशी जोडणी निवडायची आहे त्यांना माझ्या अनुभवातून सांगते. पैसे भरण्याआधी खरा पत्ता मिळणार की आतला, हे लेखी विचारावं. तोंडी "मिळतो की" याला अर्थ नाही. वर जाणारा वेग किती ते वेगळं विचारावं. फायबरवर तो उतरणाऱ्या वेगाइतका देता येतो, पण सगळे देतातच असं नाही. ८० आणि ४४३ हे वेबचे पोर्ट आत येऊ देतात का, हे विचारावं. २५ क्रमांकाचा, ईमेलचा, पोर्ट बहुतेक ठिकाणी बंदच असतो. स्पॅम थांबवायला ते केलेलं आहे आणि मला ते पटतं. घरून ईमेल सर्व्हर चालवायचा नाद म्हणून मी सोडून दिला. राउटरचा ॲडमिन पासवर्ड आपल्याला मिळणार का, हेही विचारावं. तो नसेल तर पत्ता मिळूनही पोर्ट उघडता येत नाही. आणि ज्याच्याकडे फोन केला तर माणूस उचलतो, त्याला पंचवीस-पन्नास रुपये जास्त द्यायला मागेपुढे पाहू नये. मोठ्या कंपनीच्या हेल्पलाइनवर "राउटर बंद करून चालू करा"च्या पुढे मी क्वचितच गेले आहे.

शेवटी मी गेले आमच्याच केबलवाल्याकडे. त्याला प्रश्न नीट कळला नव्हता, पण कळून घ्यायची इच्छा होती. मी त्याला मोबाइलवर आत्याची एक ओवी ऐकवली. तो गप्प बसून ऐकत राहिला, मग म्हणाला, "ताई, आमची आजी पण म्हणायची हे. मला काय करावं लागतंय ते लिहून द्या." मी कागदावर लिहून दिलं. त्यानं ज्यांच्याकडून तो इंटरनेट घेतो त्या कंपनीशी बोलून वर्षाच्या शुल्कावर एक खरा, न बदलणारा पत्ता मिळवला. आता त्याच्याकडे असे आणखी गिऱ्हाईक आहेत: एक सीए, एक पॅथॉलॉजीवाले, आणि वसमतचा एक हळदीचा व्यापारी ज्याला गोदामातल्या नोंदी घरून बघायच्या असतात.

नव्या पद्धतीच्या पत्त्यांत, आयपीव्ही६ मध्ये, ही टंचाईच नाही. दूरसंचार विभागानं त्याचा पहिला आराखडा जुलै २०१० मध्ये काढला. २०१६ मध्ये जिओ आल्यावर मोबाइलवर हे पत्ते झपाट्यानं पसरले आणि आज भारत त्यांच्या वापरात जगात पुढच्या रांगेत आहे. या बाबतीत आपण अनेक श्रीमंत देशांच्या पुढे आहोत याचा मला अभिमान वाटतो. माझ्या घरालाही तो पत्ता मिळाला आहे. पिंपरीच्या नातीच्या मोबाइललाही आहे, त्यामुळे तिचं येणंजाणं आता त्याच वाटेनं होतं. पण तिच्या ऑफिसातली जोडणी अजून जुनीच, तिथून ते पान नव्या पत्त्यावर उघडत नाही. शिवाय राउटर बहुधा बाहेरून येणाऱ्या सगळ्यांना अडवायच्या बेतानंच लावून देतात. ते सुरक्षिततेसाठी योग्यच आहे. आपल्याला हवा तेवढाच एक रस्ता उघडायला यायला हवं, आणि तो उघडला की सर्व्हर वेळच्या वेळी अपडेट करायची जबाबदारी आपली. मी ती दर रविवारी, बाजार करून आल्यावर पार पाडते.

ज्यांना खरा पत्ता कुठंच मिळत नाही त्यांच्यासाठी एक आडवाट आहे. मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये छोटा सर्व्हर भाड्यानं घ्यायचा, आणि घरातल्या कॉम्प्युटरनं वायरगार्ड नावाच्या प्रोग्रॅमनं त्याच्यापर्यंत बंद बोगदा काढायचा. लोक मुंबईच्या पत्त्यावर येतात आणि बोगद्यातून घरी पोचतात. ओव्या घरातच राहतात. केबलवाल्याचं जमेपर्यंत मी तसंच चालवलं. ते चालतं. पण हिंगोलीतून सेनगावला ओवी जायची तर तिनं मुंबईला वळसा घालून यावं, हे मला कधी रुचलं नाही.

इथून थेट बाहेर पोचण्याची गरज एकट्या माझ्या ओव्यांची नाही. औंढा तालुक्यात दुधाळा शिवारात लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. काटकोनातल्या दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटरची. अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आलेली गुरुत्वीय लहर टिपली. पुढच्या फेब्रुवारीत ते जाहीर झालं आणि त्याच महिन्यात आपल्या सरकारनं भारतातल्या वेधशाळेला तत्त्वतः मंजुरी दिली. एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींचा खर्च मंजूर झाला. लहर आकाशात नेमकी कुठून आली हे एका यंत्राला सांगता येत नाही, दूरदूरच्या यंत्रांच्या वेळा ताडून पाहाव्या लागतात. म्हणजे दुधाळ्यात टिपलेलं तत्काळ बाहेर जाणं हा त्या कामाचा गाभाच आहे. तिथून पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेपर्यंत आणि पुढे जगात आकडे वाहतील. माझ्या क्लासमधली मुलं हे ऐकून हरखतात आणि मी त्यांना लगेच राउटरचं पान उघडायला लावते.

गावोगाव फायबर न्यायची योजना केंद्रानं ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. तीच पुढे भारतनेट झाली, आपल्या राज्यात तिच्या दुसऱ्या टप्प्याला महानेट म्हणतात. आत्याच्या गावच्या ग्रामपंचायतीतही तिची पेटी आली आहे. सातबारा, दाखले, पीकविम्याचे अर्ज तिच्यावरून चालतात. तिथल्या शाळेच्या गुरुजींना शाळेतच एक छोटा सर्व्हर ठेवायचा आहे. मुलांनी गोळा केलेल्या पावसाच्या नोंदी आणि गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी त्यावर राहाव्यात, गाव सोडून गेलेल्यांनी त्या थेट गावातून वाचाव्यात. आम्ही दोघांनी मिळून अर्ज केला आहे: ग्रामपंचायतीच्या जोडणीला एक खरा पत्ता आणि शाळेपर्यंत दोनशे मीटर तार. अर्जाची पोच मिळाली आहे. गुरुजींनी कपाट सुताराकडून करून घेतलंय, आत्यानं बॅटरीचे पैसे दिलेत, आणि पर्जन्यमापकाचे आकडे मुलं जूनपासून वहीत लिहायलेत.